पॉवर टिलरने लावलेली कॉम्फ्री

आमच्या वाफ्यात कॉम्फ्री, म्हणजे इंग्लंडमध्ये खतासाठी लावतात ती खरखरीत पानांची वनस्पती, मी लावली नाही. निदान पहिल्या खेपेला तरी नाही. ती पॉवर टिलरने लावली, आणि टिलर माझा नवरा चालवत होता. मी बांधावर उभी राहून "अजून थोडं खोल जाऊ दे" असं सांगत होते, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही.

2016 च्या मार्चमध्ये आम्हाला कॉव्हेंट्रीत अ‍ॅलॉटमेंट मिळाली. इंग्लंडमध्ये भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्याने जमिनीचा तुकडा मिळतो, त्याला अ‍ॅलॉटमेंट म्हणतात. 1908 च्या कायद्याने ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. नाव नोंदवून आम्ही पावणेदोन वर्षं थांबलो होतो. मोजणी अजून जुनीच, 'पोल'मध्ये. पूर्ण तुकडा दहा पोलचा, आम्हाला अर्धा मिळाला. दापोलीला बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना पोल काही कळेना. मग मीच हिशेब केला. एकराचे 160 पोल, एकराचे 40 गुंठे, म्हणजे एका गुंठ्यात बरोबर चार पोल.

"सव्वा गुंठा," बाबा म्हणाले. थोडं थांबून, "सव्वा गुंठ्यासाठी पावणेदोन वर्षं?"

जागा तीन वर्षं पडीक होती. गुडघाभर गवत, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, आणि मधोमध दोन-तीन ठिकाणी काळी पडून सडलेली पानं. त्या सडक्या पानांतून मांजराच्या जिभेसारखे खरखरीत हिरवे कोंब वर येत होते. असेल काहीतरी तण, म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. एका शनिवारी टिलर भाड्याने आणला आणि संध्याकाळपर्यंत सव्वा गुंठा लोण्यासारखा करून टाकला. शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा शेडच्या दारात खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत बसले होते. त्यांनी हात हलवला, आम्हीही हलवला. ते काही बोलले नाहीत, दिवसभर नुसते बघत होते.

त्या बघण्याचा अर्थ मला मे महिन्यात कळला. बटाट्याच्या सरींत, कांद्याच्या वाफ्यात, जिथे गाजराचं बी पेरलं होतं तिथे, एवढंच नव्हे तर पायवाटेवरसुद्धा तेच खरखरीत कोंब. मी मोजले. त्रेपन्न भरले. जिथे मूळचे तीन गड्डे होते तिथे आता त्रेपन्न झाडं होती, आणि प्रत्येकाची पानं आठवड्याला वीतभर वाढत होती.

कॉम्फ्रीचं मूळ बाहेरून काळं आणि आतून पांढरंशुभ्र असतं. जाड, पण मुळ्यासारखं कडकन मोडणारं. मोडलं की भेंडीच्या देठासारखा चिकट, बुळबुळीत रस येतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा जमिनीत राहिला तरी त्याचं नवं झाड होतं. टिलरची पाती नेमकी तेवढेच तुकडे करतात. नर्सरीवाल्याने मुद्दाम कलमं करायची म्हटली असती तरी इतकी सारखी केली नसती.

मी उपटायला घेतली. आमच्याकडची माती लाल चिकणमाती आहे. ओली असली की बुटाला अर्धा किलो चिकटते, वाळली की वीट. दीड फूट खणायचं, मूळ दिसलं म्हणून हळूच ओढायचं, तोच खालून 'कट' असा आवाज यायचा. उरलेला भाग खाली. पंधरा दिवसांनी तिथेच दोन कोंब. असं जूनभर चाललं. एके दिवशी आजोबा कुंपणाशी आले आणि म्हणाले की ही 'निटबोन' आहे, हाडं विणणारी, तू खणतेयस म्हणजे तिची लावणीच करतेयस. "मग तुम्ही मार्चमध्ये का नाही सांगितलंत?" असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही दोघं इतके खुशीत होतात की बोलवेना. इंग्रज सभ्यतेचा मला आलेला हा सर्वांत महागडा अनुभव.

रात्री आईला फोन केला. हाडं जोडणारी वनस्पती म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे कांडवेलच ती. तुझ्या आजीने गणूच्या हाताला बांधली होती." कांडवेल वेगळी, तिची कांडं चौकोनी आणि ती वेलीसारखी चढते. दोघींचं वनस्पतिशास्त्रात काही नातं नाही. दोन्हीकडच्या माणसांनी मोडलेल्या हाडावर हाताला लागलेला पाला बांधून पाहिला, एवढाच काय तो धागा. खरं नातं निघालं ते भोकराशी. जुन्या वर्गीकरणात भोकर आणि कॉम्फ्री एकाच कुळात मोडतात. मूळ मोडल्यावर बोटांना लागणारा तो चिकट रस मला कुठेतरी ओळखीचा वाटत होता, तो भोकराच्या गराचा होता. लहानपणी पतंग आणि वह्यांची कव्हरं आम्ही त्यानेच चिकटवायचो.

आणि गंमत म्हणजे कॉम्फ्री इंग्लंडच्या शेतीत गाजली तीही डिंकापायीच. साधी कॉम्फ्री इथे ओढ्याकाठी पूर्वीपासून होतीच. एकोणिसाव्या शतकात एसेक्समधल्या कॉगशॉल गावच्या हेन्री डबलडे नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या गृहस्थांनी पोस्टाच्या तिकिटांना लावायच्या डिंकासाठी रशियातून कॉम्फ्रीची रोपं मागवली. डिंक काही जमला नाही. पण आलेली झाडं इतकी जोमाने वाढली की डबलडे पुढची कित्येक वर्षं तिचाच अभ्यास करत राहिले. ती संकरित जात म्हणजे 'रशियन कॉम्फ्री', आणि बागांमधून आज बहुतेक तीच दिसते. ते 1902 मध्ये वारले. पुढे लॉरेन्स हिल्स या बागकाम करणाऱ्या लेखकाने 1954 मध्ये एसेक्समध्येच ब्रेनट्रीजवळच्या बॉकिंग इथे जमीन घेऊन प्रयोग सुरू केले आणि संस्थेला नाव दिलं हेन्री डबलडे यांचंच. हीच संस्था 1985 मध्ये कॉव्हेंट्रीला लागून असलेल्या रायटनला आली. आता ती 'गार्डन ऑरगॅनिक' म्हणून ओळखली जाते. म्हणजे ज्या झाडाशी मी कुदळ घेऊन झगडत होते, त्याची पंढरी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होती.

आजोबांनी मला दिलेला पहिला धडा एका वाक्याचा होता: उपटू नकोस, काप.

मग मी कापायला लागले. विळा मी मागच्याच खेपेला दापोलीहून सामानात आणला होता. जमिनीपासून दोन इंच ठेवून गड्डा सबंध कापायचा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण पानांवरचे केस कातडीत रुततात आणि रात्रभर खाज येते. पहिल्या दिवशी मी उघड्या हातांनी कापलं आणि कोपरापर्यंत अळूच्या देठांनी खाजवावं तसं झालं. कापलेल्या पाल्याचं काय करायचं, याची आजोबांकडे सोपी कृती होती. एक किलो पाला, पंधरा लिटर पाणी, झाकण, चार आठवडे.

मला वाटलं, जास्त पाला घातला तर खत जास्त कसदार होईल. पिंप चेपून भरलं. जुलै होता. चौथ्या आठवड्यात झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे झाले. तो वास कसा सांगू? सुकटीच्या डब्यात पावसाचं पाणी गेलंय, डबा माळ्यावर विसरलाय आणि गणपतीत कुणीतरी तो उघडलाय, असं समजा. कोकणात नारळाला मासळीचं खत घालताना बघत मी मोठी झाले, म्हणजे नाक तसं तयार होतं. तरीही.

यानंतर मी जे केलं त्याबद्दल घरात अजून बोलणी खाते. घरी खिडकीशी कुंड्यांत चार टोमॅटो होते. त्यांच्यासाठी पाच लिटरचा कॅन भरून मागच्या सीटवर ठेवला. झाकण आटे बसून नीट लागलं नव्हतं. रिंग रोडवरच्या वळणावर कॅन कलंडला. तीन महिने, नोव्हेंबरच्या थंडीतसुद्धा, आम्ही काचा खाली करून गाडी चालवली. माझी मुलगी शाळेच्या फाटकाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायला लागली. नवऱ्याने टिलरचा विषय पुन्हा कधी काढला नाही, कारण आता हिशेब बरोबरीत होता.

दुसऱ्या वर्षी पाण्याची पद्धत सोडली आणि पाइपची धरली. ज्यांना कॉम्फ्रीचं खत करायचंय त्यांना मी हीच सांगते. सांडपाण्याचा चार इंची प्लास्टिकचा पाइप, साधारण पाच फुटांचा. खालच्या तोंडाला टोपण लावून त्याला एक भोक. पाइप शेडच्या भिंतीला उभा बांधायचा आणि भोकाखाली डबा. वरून चिरलेला पाला ठासून भरायचा. त्याच्यावर वजन म्हणून पाण्याने भरलेली बाटली दोरी बांधून सोडायची. पाणी अजिबात घालायचं नाही. पाला आपोआप कुजतो, बाटली रोज थोडी खाली सरकते आणि दोन-तीन आठवड्यांत डब्यात थेंब पडायला लागतात. उसाच्या काकवीसारखा काळा, दाट रस. वास असतोच, पण तो डब्यापुरता राहतो. वरून नवा पाला घालत राहायचं. एक भाग रस आणि पंधरा भाग पाणी असं मी झारीत मिसळते. रोपं लहान असली तर वीस.

हे खत कशाला चालतं आणि कशाला नाही, हे मी चुका करून शिकले. कॉम्फ्रीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर असतं. त्यामुळे फुलं-फळं धरणाऱ्या पिकांना ती उपयोगी: टोमॅटो, मिरची, घेवडा, काकडी. मी मात्र पहिल्या वर्षी मेथी आणि पालकालाही तेच घातलं आणि काही फरक पडला नाही म्हणून नाराज झाले. पालेभाजीला नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं. त्यासाठी इथे नेटल नावाचं अंगाची आग करणारं तण सगळीकडे माजलेलं असतं, ते कुजवलेलं बरं. टोमॅटोलाही रोप लावल्यापासून घालायचं नाही. पहिल्या झुपक्यात वाटाण्याएवढी फळं दिसली की सुरू करायचं, जमिनीतल्यांना आठवड्यातून एकदा, कुंडीतल्यांना दोनदा. कुंडीतल्या झाडांवर फरक स्पष्ट दिसतो. जमिनीतल्या टोमॅटोंबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. तिथे शेणखतही असतं, पाऊस असतो, आणि ऑगस्टमध्ये करपा आला की कॉम्फ्री घातलेली आणि न घातलेली दोन्ही झाडं सारखीच काळी पडतात. 2017 मध्ये माझी अकरा झाडं चार दिवसांत गेली.

माझ्या मते कॉम्फ्रीचा सर्वांत चांगला उपयोग खताच्या पाण्याचा नाहीच, पाल्याचा आहे. बटाटे लावताना सरीत आधी कॉम्फ्रीचा पाला पसरते, वर थोडी माती, मग बटाटा. हे बघून मला एकदम बाबांची चिखलणी आठवली. जूनच्या शेवटी भाताच्या खाचरात गिरिपुष्पाचा पाला पसरून पायांनी चिखलात तुडवायचे आणि मग लावणी. तत्त्व तेच. पाला कोवळा, त्यात चोथा कमी, त्यामुळे लवकर कुजतो आणि कुजताना जमिनीतलं नत्र खेचून घेत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. कापलेला पाला एक-दोन दिवस उन्हात सुकू द्यायचा, आणि फुलांचे जाड दांडे सरीत मुळीच घालायचे नाहीत. ते ओल्या मातीत मुळं धरतात. मला कुणी हे सांगितलं नव्हतं असं नाही. आजोबांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

ब्लॅककरंट आणि गूसबेरीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पाला टाकते. कंपोस्टच्या ढिगात पालापाचोळ्याच्या थरांमध्ये एकेक थर घातला की ढीग दोन दिवसांत गरम होतो, हात घालवत नाही. गोगलगायींना मात्र आच्छादनाखालची ओल फार आवडते. कोवळ्या रोपांभोवती मी आच्छादन करत नाही.

2018 चा उन्हाळा इथे कोरडा गेला. जून-जुलैत कितीतरी आठवडे पाऊस नाही, गवताचे मैदान दापोलीच्या एप्रिलमधल्या माळासारखे पिवळे. वाफ्यात काकड्यांनी माना टाकल्या, घेवड्याची फुलं गळाली, आणि कोपऱ्यात कॉम्फ्री मात्र दुपारी जरा मलूल, सकाळी पुन्हा ताठ. तिचं मूळ किती खोल जातं ते तेव्हा समजलं. खोलवरून खनिजं वर खेचून पानांत साठवते, असं पुष्कळ जण सांगतात. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. ती काही हवेतून खत बनवत नाही. शेंगवर्गीय नसल्याने हवेतला नत्रही धरत नाही. ती खादाड आहे. वर्षाला चार-पाच वेळा कापायची असेल तर तिला तेवढं खायलाही घालावं लागतं. आजोबांच्या कोंबड्यांच्या खुराड्यातलं ताजं खत, जे दुसऱ्या कुठल्या झाडाला घातलं तर मुळं जळतील, ते कॉम्फ्री निमूट पचवते. मोबदल्यात कोंबड्यांना मी पाला देते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे जी कॉम्फ्री आपोआप होती ती बियांवरूनही पसरायची. 2018 च्या शरदात शेजारच्या तुकड्यांवरही तिची पिल्लं दिसायला लागली आणि दोन जणांनी मला सभ्य शब्दांत सुनावलं. तेव्हा मी बॉकिंग 14 घ्यायचं ठरवलं. लॉरेन्स हिल्सने बॉकिंगला वेगवेगळ्या रशियन कॉम्फ्री गोळा करून त्यांना क्रमांक दिले होते. त्यातली चौदावी वांझ आहे, तिला बी धरत नाही. जिथे लावाल तिथेच राहते. पानं जरा निमुळती, पालाश चांगलं, कापणीनंतर पुन्हा फुटायला चटपटीत. चौथ्या क्रमांकाची कोंबड्यांना जास्त आवडते म्हणतात. आजोबांच्या कोंबड्यांनी आमच्या चौदावीलाही नावं ठेवली नाहीत.

2019 च्या एप्रिलमध्ये मुळांचे सहा तुकडे पोस्टाने आले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. प्रत्येक जेमतेम तर्जनीएवढा. मी इतके पैसे देऊन कॉम्फ्रीचे तुकडे विकत घेतेय, यावर नवरा काहीच बोलला नाही. फक्त ती पुडी बराच वेळ हातात धरून बघत राहिला.

या वेळी जागा विचार करून निवडली, कारण एकदा लावली की ती हलवता येत नाही. मधोमध नको, जिथे पुढे कधी खणावं लागेल तिथे नको. मी कंपोस्टच्या खोक्यांमागची पट्टी घेतली. तिथे दुपारनंतर सावली असते आणि दुसरं काही धड येत नाही. तुकडे आडवे, दोन इंच खोल, एकमेकांपासून अडीच फूट. लावण्याआधी त्या पट्टीतलं हरळीसारखं पसरणारं गवत मुळापासून काढलं, कारण नंतर कॉम्फ्रीच्या गड्ड्यात ते घुसलं की वेगळं करता येत नाही. पहिलं वर्षभर विळा लावायचा नाही. फुलांचे दांडे आले की तेवढे खुडायचे, म्हणजे जोर मुळांत जातो. मला हे वर्ष फार जड गेलं. इतकी हिरवीगार पानं समोर आणि हात लावायचा नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तरी अ‍ॅलॉटमेंटवर जायला परवानगी होती. त्या वसंतात मी जवळजवळ रोज जात होते. एप्रिलच्या शेवटी पहिली कापणी, मग दर पाच-सहा आठवड्यांनी एक, शेवटची सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्यानंतर थांबायचं, हिवाळ्यासाठी मुळांत साठा होऊ द्यायचा. नोव्हेंबरात पानं काळी पडून जमिनीवर लोळतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. 2016 मध्ये आम्हाला दिसली होती तीच ती काळी पानं.

जुनी कॉम्फ्री घालवायला मात्र दोन वर्षं गेली. खणून नाही. कापायची, वर खोक्यांचा जाड पुठ्ठा दोन थरांत, त्यावर काळी ताडपत्री, कडांना विटा. दुसऱ्या वसंतातही ताडपत्रीच्या शिवणीतून एक फिकट पिवळा कोंब बाहेर आला होता. मला क्षणभर त्याचं कौतुक वाटलं. मग कापला.

फुलं मी आता सहा गड्ड्यांपैकी एकाला येऊ देते. घंटांसारखी छोटी, जांभळट, एका वळलेल्या दांडीवर रांगेने लटकलेली. त्यावर इथले केसाळ गुबगुबीत भुंगे, बंबलबी, दिवसभर असतात. ज्यांची जीभ लांब ते सरळ मार्गाने आत जातात. ज्यांची आखूड ते फुलाच्या बुडाशी बाहेरून भोक पाडतात आणि मध चोरून पळतात. एकदा भोक पडलं की मधमाश्याही त्याच चोरवाटेने यायला लागतात. दुपारच्या चहाबरोबर बघायला याच्याइतकी चांगली मालिका दुसरी नाही.

खाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण फोटो बघणारा प्रत्येक मराठी माणूस तोच प्रश्न विचारतो. आईने तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ओव्याच्या पानांसारखी भजी होतील का गं याची?" आजोबा म्हणाले, का नाही, आमची आई पिठात बुडवून तळायची. मी बेसन भिजवायला घेतलंही होतं. मग सवयीने वाचायला बसले, आणि बेसनात कांदा चिरून कांदाभजी केली. कॉम्फ्रीत पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स नावाची द्रव्यं असतात आणि ती यकृताला इजा करतात, पानांपेक्षा मुळांत जास्त. एका काळी तिचा चहा आणि गोळ्या औषध म्हणून विकल्या जायच्या. 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटात घ्यायची कॉम्फ्रीची उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली. 'नैसर्गिक आहे, पूर्वीचे लोक खायचे' हे वाक्य मला आमच्या नात्यातल्या मंडळींकडून दर भेटीत ऐकू येतं. पूर्वीचे लोक खायचे हे खरंच आहे. त्यांच्या यकृतांची तपासणी कुणी केली नव्हती, हेही खरं.

आणखी एक. फुलं येण्याआधी फॉक्सग्लव्हची पानं कॉम्फ्रीसारखी दिसतात. फॉक्सग्लव्ह म्हणजे ज्याच्यापासून हृदयाचं डिजिटॅलिस हे औषध निघालं ते झाड, आणि ते थेट विषारी. कॉम्फ्रीच्या पानाची कड सरळ असते आणि हाताला खरखरीत लागते. फॉक्सग्लव्हची कड बारीक दातेरी, पान मऊ लवदार. आमच्या कुंपणाशी दोन्ही शेजारी-शेजारी उगवतात.

बाहेरून लावायला मात्र मी एकदा वापरली. बर्फात घसरून घोटा मुरगळला. आधी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे हे कळल्यावर आजोबांनी आणून दिलेल्या वाटलेल्या मुळाचा लेप दोन दिवस बांधला. कातडी कुठे फाटलेली नव्हती, हे बघूनच. सूज उतरली. ती लेपाने उतरली की पाय उशीवर ठेवून बसल्याने, हे ठरवायला माझ्याकडे दुसरा मुरगळलेला घोटा नव्हता. आई अर्थातच म्हणते कांडवेल असती तर एका दिवसात उतरली असती.

बाबांना चौदावीचं फार आकर्षण वाटलं. "येताना एक तुकडा आण, खिशात मावेल." मी नाही म्हणाले. एक तर झाडाची मुळं अशी खिशातून देशात नेता येत नाहीत, त्याला तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. आणि दुसरं, त्यांच्या बांधावर गिरिपुष्प आहे. ते शेंगवर्गीय आहे, नत्र देतं, कोकणातला पाऊस आणि मे महिना दोन्ही सोसतं, फांदी खोचली की लागतं. कॉम्फ्री थंड मुलखातली. दापोलीच्या लाल मातीत जगली तरी पंचाईत आणि मेली तरी पंचाईत.

"बरं," बाबा म्हणाले. "पण ते पाइपचं सांग परत. भोक किती मोठं?"

आता दापोलीला विहिरीजवळ एक पाइप उभा आहे. त्यात गिरिपुष्पाचा पाला भरून पाहिला. रस आला नाही, पाला नुसताच काळा पडून वाळला. मग त्यांनी पाणी घातलं. वास कसा होता हे आईने फोनवर सविस्तर सांगितलं आणि त्यात माझं नाव वारंवार आलं.

गेल्या मार्चमध्ये आमच्या पलीकडचा तुकडा एका तरुण जोडप्याला मिळाला. जागा दोन वर्षं पडीक. शनिवारी सकाळी मी पाइप धुवायला गेले तर फाटकाशी भाड्याने आणलेला टिलर उतरत होता. आजोबा आता फार येत नाहीत, पण त्या दिवशी होते; शेडच्या दारात खुर्ची, हातात थर्मासचं झाकण. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भुवया वर केल्या.

मी कुंपण ओलांडून गेले. जोडप्यातली मुलगी हसून भेटली, मी काय सांगतेय ते तिने लक्ष देऊन ऐकलं. काळी सडकी पानं दाखवली. त्यातले कोंब दाखवले. एक मूळ खणून मोडून दाखवलं, आतलं पांढरं, बोटांना तो चिकट रस. इथे चारही बाजूंनी दोन फूट जागा सोडा म्हणाले, खुणेला काठ्याही रोवून दिल्या. ती म्हणाली, किती छान, थँक्यू. मग तिच्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं की या काठ्यांच्या आत जायचं नाही. त्याने अंगठा वर केला आणि मशीनची दोरी ओढली.

मी परत आले. आजोबांनी दुसरी खुर्ची आधीच उघडून ठेवली होती.